तो रोज विचारतो, ‘जेवलीस का?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरीला, मिस्टरांचं दुकान, घरात सासूबाई आणि नववीतली चौदा वर्षांची मुलगी. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला फोन पुढे मुलीकडेच राहिला. गेल्या आठवड्यात ती झोपल्यावर ताईंनी तो उघडला, तर घरच्यांना ठाऊक असलेल्या इन्स्टाग्राम अकाउंटखेरीज दुसरंच एक अकाउंट निघालं. त्यावर एका गेममध्ये ओळख झालेल्या ‘सतरा वर्षांच्या’ मुलाशी अडीच महिन्यांच्या गप्पा. तो टेलिग्रामवर ये म्हणतो, गप्पा पुसत जा म्हणतो, आणि आता ‘फक्त माझ्यासाठी’ तसले फोटो मागतो आहे. मुलीने आतापर्यंत ‘नको’ म्हटलं आहे.

ताई विचारतात, ‘फोन काढून घेऊ का? मिस्टरांना कळलं तर ते फोन फोडतील आणि हिला आत्याकडे धाडतील. सासूबाई आधीच म्हणतात, दहावी झाली की स्थळं बघा. भाचा म्हणतो एक ॲप मिळतं, तिला पत्ता न लागता तिचे सगळे मेसेज आपल्या फोनवर दिसतात. ते टाकू का? आणि आमच्या संस्कारांत नेमकं काय कमी पडलं?’

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो घशात अडकलेला असताना बाकीचं काही खाली उतरणार नाही.

तुम्ही पत्रासोबत त्या गप्पांचे चार स्क्रीनशॉट पाठवलेत. तुम्ही ते रात्री दीड वाजता, हात थरथरत असताना वाचले असणार. मी सकाळी चहा घेताना, परक्या बाईच्या डोळ्यांनी वाचले, म्हणून मला काही वेगळं दिसलं. तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये तो तिच्या शाळेचं नाव घेतो. त्यावर तुमच्या मुलीने लिहिलंय, ‘मी तर सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?’ तो हसण्याच्या दोन बाहुल्या टाकून विषय बदलतो. चार ओळींनंतर ती पुन्हा विचारते, ‘पण सांग ना, कसं कळलं?’ फोटो मागितल्यावर ‘नको’ म्हणते. तो दोन दिवस रुसतो, तरी ‘नको’च म्हणते. आणि त्याने इतक्यांदा सांगूनही गप्पा पुसत नाही. अडीच महिन्यांचं सगळं तसंच्या तसं ठेवते.

ही मुलगी सावध आहे. घाबरलेली आहे, थोडी भाळलेलीही आहे, पण सावध आहे. ते तिने कुठून उचललं? तुमच्याच घरातून. तेव्हा संस्कारांचा पंचनामा आपण इथेच थांबवू.

शाळेचं नाव त्याला कसं कळलं, याचा एक अंदाज आहे. मिस्टरांचं फेसबुक उघडून बघा. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतानाचा फोटो, मागे शाळेच्या नावाचा फलक, खाली अभिनंदनाच्या पन्नास कमेंट आणि पोस्ट सगळ्या जगाला खुली, असं काही तिथे असेल. लेकीचं कौतुक करणाऱ्या बापाला मी नावं ठेवत नाही. पण मुलींनी फोटो टाकू नयेत म्हणून आपण कानीकपाळी ओरडतो आणि तिचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आपणच चव्हाट्यावर मांडतो. आजच ती पोस्ट फक्त ओळखीच्यांपुरती करा.

आता त्या मुलाविषयी. तो खरंच सतरा वर्षांचा असेल का? असूही शकतो. चाळिशीचाही असू शकतो. ते आपल्याला इथे बसून कळणार नाही, आणि कळण्याची वाट बघण्याची गरजही नाही. वय लपवता येतं, वागणं दिसतं. पहिला महिनाभर तो काय करतो? रोज रात्री साडेनऊला विचारतो, ‘जेवलीस का?’ एवढंच. त्या वेळी तुम्ही ओट्याशी उद्याच्या डब्याची भाजी चिरत असता, मिस्टर दुकानाचा हिशेब घेऊन बसलेले, सासूबाईंची मालिका चालू. कुणाचं काही चुकत नसतं, तरीही त्या घटकेला त्या पोरीला विचारणारा जगात एकच माणूस असतो. मग तो म्हणतो, तुझ्या घरच्यांना तुझी किंमत नाही. मग म्हणतो, इथे नको, तिकडे बोलू. मग पुसून टाक. मग आपल्या दोघांतच. फोटो सगळ्यात शेवटी येतो. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांची वाट जवळपास अशीच असते आणि ‘कुणाला सांगू नकोस’ ही त्यातली सगळ्यात मोठी खूण. लहानग्यांनाही कळेल असा एक नियम यातून काढता येतो. जो तुला आईपासून काही लपवायला सांगतो, त्याच्याबद्दलच आईला आधी सांगायचं.

यापुढची पायरी तुमच्या लेकीवर अजून आलेली नाही, पण ती माहीत हवी. एक फोटो मिळाला की सूर पालटतो. ‘आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या पप्पांना पाठवीन.’ हे वाक्य नीट बघा. त्याच्या हातातलं हत्यार फोटो नाही, पप्पा आहेत. घरात कळलं तर काय होईल ही भीती जेवढी मोठी, तेवढं त्याचं काम सोपं. म्हणून फोन फोडणं, आत्याकडे पाठवणं, स्थळं बघणं ही तुम्हाला शिक्षा वाटते, पण प्रत्यक्षात ती त्या माणसाला केलेली मदत ठरते. तो तिला जे सांगत आलाय, ते आपण खरं करून दाखवतो. आणि आत्याच्या गावाला काय मोबाइलची रेंज नाही?

फोन काढून घेण्याबद्दल माझं म्हणणं असं. कायमचा काढून घेऊ नका. पुरावा त्यात आहे म्हणून दोन-चार दिवस तो तुमच्या ताब्यात राहील, हे तिला कारणासकट सांगा. त्यात शिक्षेचा सूर नको. तिचा गृहपाठ, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळं त्यावर आहे, तेवढ्यापुरता तुमचा फोन द्या.

भाच्याच्या ॲपला माझा साफ नकार आहे. असली चोरून पाळत ठेवणारी ॲप टाकण्यासाठी बहुतेक वेळा फोनची स्वतःची सुरक्षाच बंद करावी लागते, आणि मग तुमच्या मुलीचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे हे सगळं कुठल्याशा अनोळखी कंपनीकडे जाऊन पडतं. एका अनोळखी माणसापासून वाचवायला दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या द्यायच्या! शिवाय भाच्याला ते ॲप माहीत आहे, म्हणजे तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते कसं शोधायचं हे माहीत असणार. तिला सापडलं की तिसरं अकाउंट मैत्रिणीच्या फोनवर उघडेल, आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. माझा मुलगा नववीत असताना मी एकदा त्याची वही चोरून वाचली होती. त्यात काहीही नव्हतं, पण वही वाचली हे त्याला कळलं. पुढे दोन वर्षं तो माझ्याशी फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलला.

देखरेख नको असं मी म्हणत नाही. चौदाव्या वर्षी ती हवीच. मात्र तिच्या देखत, तिला शेजारी बसवून करा. गूगलचं फॅमिली लिंक मोफत आहे. त्यात नवं ॲप घ्यायला तुमची परवानगी लागते, रात्री ठरलेल्या वेळी फोन बंद करता येतो, गप्पा मात्र दिसत नाहीत. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी वेगळी अकाउंट काढली आहेत, भारतात ती फेब्रुवारी २०२५ पासून आली. त्यात अकाउंट आपोआप खासगी असतं, ओळखीबाहेरच्यांना मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात आणि सोळा वर्षांखालच्यांना हे ढिलं करायला पालकांची संमती लागते. पालक जोडले गेले तर गेल्या सात दिवसांत मुलीने कुणाकुणाशी बोलणं केलं हे दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. मला हा तोल बरा वाटतो. एक मेख आहे. हे सगळं अकाउंटवरच्या जन्मतारखेवर चालतं. तुम्ही लिहिलंय की त्या दुसऱ्या अकाउंटवर तिने जन्मसाल २००४ टाकलंय. म्हणजे इन्स्टाग्रामच्या लेखी ती विशी ओलांडलेली बाई आहे आणि यातलं काहीच तिला लागू होत नाही. ज्यांच्या घरी अजून काही घडलेलं नाही, त्यांनी आज बाकी काही नाही तरी मुलांच्या अकाउंटवरची जन्मतारीख तेवढी तपासावी.

आता बोलायचं कसं. समोर खुर्चीत बसवून ‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ म्हणालात की ती आतून कडी लावून घेईल. हाताला काम आणि नजर दुसरीकडे असली की मुलं बोलतात. मटार सोलताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटीवर मागे बसली असताना. सुरुवात आपल्या चुकीपासून करा. ‘परवा रात्री मी तुझा फोन बघितला. तुला न विचारता. ते मला करायला नको होतं, पण आता बघितलंय तर लपवणार नाही. मी चिडलेली नाही. मला भीती वाटली.’ मग गप्प राहा. ती रडेल, उलट बोलेल, ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’ म्हणेल. बोलू द्या. मग तिला तिचाच प्रश्न आठवण करून द्या. ‘तू त्याला विचारलंस, कसं कळलं म्हणून. फार बरोबर प्रश्न होता. त्याने उत्तर दिलं का?’ इथून पुढे ती आरोपी राहणार नाही. तुम्ही दोघी मिळून एक कोडं सोडवायला लागाल.

‘तो वाईट आहे’ असं पहिल्याच दिवशी तिच्याकडून वदवून घेऊ नका. अडीच महिने तो तिचा एकमेव श्रोता होता. तो तुटण्याचं दुःख खरं आहे, भले माणूस खोटा असो. आणि एक प्रश्न हळूच विचाराच, ‘काही पाठवलंयस का? पाठवलं असलं तरी आपण बघून घेऊ.’ शेवटचे सहा शब्द गाळू नका. इथे ‘नको’ दिसतंय, पण टेलिग्रामवर काय झालं हे आपण पाहिलेलं नाही.

मिस्टरांना सांगायचं का? सांगायचं. ‘आपल्या दोघींतच ठेवू’ म्हणालात तर त्या मुलाचंच वाक्य तुमच्या तोंडून तिला ऐकू येईल. पण आधी लेकीशी बोला, तिला सांगून मग नवऱ्याला सांगा, आणि ती समोर नसताना सांगा, म्हणजे पहिला भडका तिच्यावर जाणार नाही. ते कुणाचं ऐकतात? मोठ्या बहिणीचं, एखाद्या मित्राचं, सरांचं? त्या माणसाला सोबत घ्या. आणि एक विचारा, ‘हेच मुलाच्या बाबतीत झालं असतं तर आपण त्याची शाळा बंद केली असती का?’ स्थळांच्या विषयावर तर सासूबाईंना मऊ शब्दांत पण ठाम सांगा, अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. मारहाणीची खरोखर भीती असेल तर एकटीने काही करू नका, १०९८ वर फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते, पालकही तिथे बोलू शकतात.

मुलांच्या बाबतीत म्हटलं, तर मुलांच्या आयांसाठीही दोन ओळी. मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांच्याकडे गोड मुलीच्या नावाने अकाउंट येतं, व्हिडिओ कॉल होतो, तो रेकॉर्ड होतो आणि तासाभरात पैशांची मागणी सुरू होते. पोरं आईच्या फोनवरून गुपचूप पैसे पाठवतात. एक रुपयाही देऊ नये. एकदा दिलं की मागणी वाढतच जाते. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवायचं.

पोलिसांकडे जायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. बहुधा मुद्दामच. गावात बभ्रा होईल ही भीती मला समजते, पण माझं मत जावं असंच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीकडे असे फोटो मागणं, त्यासाठी तिला नादी लावणं हे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही बसतं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्येही. तिने फोटो पाठवला असता तरी गुन्हेगार तोच, ती नाही. आणि बभ्र्याचं म्हणाल तर पॉक्सोत त्याची सोय आहे. मुलीचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत असं कायदाच सांगतो. तिची ओळख उघड करायला बंदी आहे. तालुक्याच्या ठाण्यात ओळखीचे चेहरे असतील तर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला आणि मुलांसाठीच्या भागात तक्रार नोंदवा.

त्याआधी क्रम चुकवू नका. आधी पुरावा. गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख दिसू द्या, त्याच्या अकाउंटचं नेमकं नाव आणि प्रोफाइलची लिंक लिहून ठेवा, गेममधलं नावही. मग इन्स्टाग्रामकडे तक्रार, मग ब्लॉक. बहुतेक घरांत आधी ब्लॉक करतात किंवा रागाने सगळं पुसून टाकतात आणि ठाण्यात दाखवायला काही उरत नाही. तिच्या नावाने स्वतः मेसेज करून त्याला बोलवायचं आणि चार जणांनी जाऊन धडा शिकवायचा, हा बेत भाच्याच्या डोक्यात येईलच. तो तिथेच मोडून काढा.

आणि फोटो गेलाच असेल तर? तो कुणालाही पुढे पाठवायचा नाही, अगदी ‘बघ काय झालंय’ म्हणून नवऱ्यालाही नाही. फोन तसाच पोलिसांना दाखवायचा. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक प्रकारचा ठसा तयार होतो. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो पसरण्याआधी अडवू शकतात. खासगी गप्पांमधून फिरणारं सगळंच त्यात सापडतं असं नाही, पण हात बांधून बसण्यापेक्षा बरं.

घरातल्या नियमांबद्दल एकच सुचवते, कारण बाकीचे तुम्ही करालच. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. बातम्या आल्या तेव्हा लोकांनी कौतुक केलं ते मुलांच्या अभ्यासाचं. मला त्यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. तो भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. तुमच्याकडे भोंगा नको, पण रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन, मिस्टरांचा हिशेबाचा आणि तुमचाही, बाहेरच्या खोलीत एका जागी चार्जिंगला लावता आले तर बघा. मालिकेचं सासूबाईंवर सोडा, सगळ्याच लढाया एकदम नकोत. आणि ती भाजी चिरायला लेकीला शेजारी घ्या. जेवलीस का, हे तिला तिथे कुणीतरी विचारेल.

एक राहिलं. तुम्ही पाठवलेले चारही स्क्रीनशॉट वाचून झाल्यावर मी माझ्याकडून काढून टाकले आहेत, आणि पत्रात मुलीचं नाव होतं ते पत्रही. तुमच्याकडचे मात्र जपून ठेवा आणि यापुढे कुणालाही पाठवू नका. मलाही नाही.